मीठ मागणारं लेकरू

 

आज आम्ही बचत, कर्ज, परतफेड यातलं काहीच बोलणार नाही. आज इतिहास सांगणार आहोत, पण तो राजे-महाराजांचा नाही. आपल्या शरीरात जे चालतं ते माणसाला कसं कळत गेलं, त्याचा हा इतिहास आहे.

हा विषय का घेतला ते आधी सांगतो. गटाची बैठक असते. हप्ते जमा होतात, रजिस्टरवर सह्या होतात, आणि मग खऱ्या गोष्टी निघतात. कोणी हळूच म्हणते, "माया पोरीच्या हनुवटीवर केस येऊन राह्यले वं बाई, लग्नाचं कसं होईन?" कोणी नात्यातली गोष्ट सांगते. सुनेला बाळ झालं, पण मुलगा की मुलगी हे कोणालाच धड सांगता येईना. मग सगळं खापर सुनेवर फुटलं. हिनं ग्रहणात चाकू हातात घेतला असेल, हिनं काही वावगं खाल्लं असेल. आणि एखादी नुसती डोळे पुसते. तिचं बाळ चांगलं जन्मलं होतं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या आणि गेलं.

हनुवटीवरचे केस, बाळाचं वेगळं दिसणं आणि अचानक गेलेलं बाळ या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं वाटत नाही. प्रत्येकीची कारणं अनेक असू शकतात. पण त्यातलं एक कारण असं आहे की ते तिन्ही ठिकाणी सापडतं. ते शोधायला माणसाला शंभर वर्षं लागली.

गोऱ्हा, बैल आणि कोंबडा

सुरुवात आपल्याच गोठ्यातून करू. आपला कारंजा-आर्वीचा भाग गवळाऊ गाईबैलांचा. हेटीकुंडीला त्यांचं सरकारी पैदास केंद्र आहे. गोऱ्हा खच्ची केला की काय होतं, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. तो वळूसारखा अंगानं भरत नाही, मारकेपणा कमी होतो, औताला नीट चालतो. हे आपल्या आज्या-पणज्यांनाही माहीत होतं. असं का होतं, हे मात्र जगात कोणालाच ठाऊक नव्हतं.

१८४९ मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेन शहरात बेर्टोल्ड नावाच्या शास्त्रज्ञानं सहा तरुण कोंबड्यांवर प्रयोग केला. काही कोंबड्यांचे वृषण पूर्ण काढून टाकले. त्यांचा तुरा वाढला नाही, ते बांग देईनात, भांडेनात. काहींच्या पोटात मात्र त्यानं वृषण दुसऱ्याच जागी बसवला. मूळच्या नसा तुटलेल्या होत्या, तरी ते कोंबडे चांगले तुरेवाले झाले, बांग देऊ लागले. यावरून बेर्टोल्डनं ताडलं की वृषणातून काहीतरी रक्तात मिसळतं आणि रक्तावाटे सगळ्या अंगाला निरोप पोचवतं.

रक्तावाटे निरोप नेणाऱ्या अशा पदार्थाला आज आपण हार्मोन म्हणतो, मराठीत संप्रेरक. दाढी-मिशा, जाड आवाज, पिळदार अंग यांचा निरोप नेणारे जे हार्मोन आहेत, त्यांच्या गटाला अँड्रोजेन म्हणतात. ते हाती लागायला आणखी ऐंशी वर्षं गेली. १९३१ मध्ये बुटेनांट या जर्मन शास्त्रज्ञानं बर्लिनच्या पोलिसांची सुमारे १५ हजार लिटर लघवी गोळा करून आटवली, गाळली, शुद्ध केली. त्यातून निघालं ते जेमतेम १५ मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीतही धरता येणार नाही इतकं. १९३५ मध्ये त्यातला सगळ्यात महत्त्वाचा अँड्रोजेन ओळखला गेला. त्याचं नाव टेस्टोस्टेरॉन.

आता एक गोष्ट नीट ऐका. याला पुरुषी हार्मोन म्हणतात खरं, पण तो प्रत्येक बाईच्या अंगात असतो. पुरुषांपेक्षा बराच कमी, पण असतोच. आपल्या अंडाशयात बनतो आणि किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी आहेत, त्यांच्याकडूनही येतो. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, डॉक्टर अॅड्रिनल म्हणतात. आणि ज्याला बायकांचा हार्मोन म्हणतात, तो इस्ट्रोजेन, आपलं शरीर अँड्रोजेनपासूनच तयार करतं. म्हणजे बाईपण आणि पुरुषपण ही दोन वेगळी रसायनं नाहीत. एकाच साखळीतल्या पुढच्या-मागच्या कड्या आहेत.

विकर म्हणजे काय

एका कडीची दुसरी कडी कोण करतं? ते काम करणाऱ्यांना एन्झाइम म्हणतात, मराठी पुस्तकात विकर. भाकरीचा घास बराच वेळ चावत राहा, तो गोडसर लागायला लागतो. आपल्या लाळेतलं एक विकर पिठाची साखर करतं, म्हणून. अशी हजारो विकरं शरीरात आहेत आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे.

आपला जिल्हा कापसाचा आणि चरख्याचा, म्हणून आम्ही हे असं समजून घेतलं. अधिवृक्क ग्रंथी म्हणजे एक घर धरा. तिथं सूत काततात. त्या सुताचं कापड विणायला एक विणकर आहे. थोड्या सुताचा दोर वळायला दुसरा माणूस आहे. कापड म्हणजे दोन जीवनावश्यक हार्मोन. एक कोर्टिसोल, तो ताप-आजारात शरीर तोलून धरतो. दुसरा अल्डोस्टेरॉन, तो शरीरातलं मीठ लघवीवाटे वाहून जाऊ देत नाही. दोर म्हणजे अँड्रोजेन. आणि कापडाची मागणी नोंदवणारा दुकानदार म्हणजे आपला मेंदू.

आता विणकर जन्मापासूनच गैरहजर असेल तर? कापड निघत नाही. दुकानदार पुन्हा पुन्हा निरोप पाठवतो, कापड कुठं आहे? घरातले जोरात सूत कातत सुटतात, पण विणणारा नसल्यानं सगळं सूत दोराकडे जातं. घरात दोराचे ढीग लागतात आणि अंगावर घालायला कापड नाही. या विणकराचं नाव २१-हायड्रॉक्सिलेज. तो नसला की होणाऱ्या आजाराला डॉक्टर थोडक्यात सीएएच म्हणतात.

मुलीचा गर्भ असेल आणि पोटातच तिला जास्त अँड्रोजेन मिळालं, तर तिचं गर्भाशय आणि अंडाशय नीट बनतात, पण बाहेरची ठेवण मुलासारखी दिसू शकते. मुलगा असेल तर बाहेरून काहीच वेगळं जाणवत नाही. आणि मीठ राखणारा हार्मोन नसेल, तर मुलगा असो की मुलगी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अंगातलं मीठ-पाणी निघून जातं आणि बाळ गळून जातं.

नेपल्स, १८६५

या आजाराची पहिली सविस्तर नोंद इटलीतल्या नेपल्स शहरात झाली. १८६५ मध्ये दे क्रेक्किओ या डॉक्टरनं जुझेप्पे मार्झो नावाच्या माणसाचं शवविच्छेदन केलं. जन्मल्यावर त्याला मुलगी म्हणून नाव दिलं होतं. चार वर्षांचा असताना एका वैद्यानं तपासून तो मुलगा असल्याचं सांगितलं. पुढचं सगळं आयुष्य तो पुरुष म्हणून जगला, दाढी राखली. शेवटी उलट्या, जुलाब आणि अशक्तपणाचे झटके येऊन गेला. डॉक्टरनं पोट उघडलं तेव्हा आत गर्भाशय आणि अंडाशय होते, आणि अधिवृक्क ग्रंथी खूप मोठ्या झालेल्या होत्या. ग्रंथी मोठी, अंगावर दाढी आणि मरण उलट्यांनी, असं सगळं समोर होतं. पण हार्मोन हा शब्दच तेव्हा नव्हता. त्या खुणा जोडायला पाऊणशे वर्षं जावी लागली.

आईला माहीत होतं

आता ज्या गोष्टीसाठी आज बोलायला बसलो, ती सांगतो. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स दवाखान्यात साडेतीन वर्षांचा एक मुलगा आणला गेला. त्या वयात दिसू नयेत अशा वयात आल्याच्या खुणा त्याच्या अंगावर दिसत होत्या. त्याच्या घरचे लोक एक वेगळीच गोष्ट सांगत होते. हे पोर मीठ खातं. बिस्किटावरचं मीठ चाटून घेतं, बिस्कीट टाकून देतं. मीठ चमच्यानं खातं. बोलायला लागलं तेव्हा जे पहिले थोडेसे शब्द आले, त्यात मीठ हा शब्द होता.

दवाखान्यात त्याला इतर मुलांना मिळतं तेच जेवण मिळालं. घरच्यासारखं हवं तेवढं मीठ मिळालं नाही. आठवडाभरात ते लेकरू गेलं. शवविच्छेदनात अधिवृक्क ग्रंथींत बिघाड सापडला. लॉसन विल्किन्स आणि रिक्टर यांनी १९४० मध्ये ही हकिगत छापली, त्यात आईवडिलांनी सांगितलेलं सगळं नोंदवलं. अंगातलं मीठ वाहून जात होतं आणि ते पोर स्वतःच ते भरून काढत होतं. मीठ हेच त्याचं औषध होतं. हे डॉक्टरांना कळायच्या आधी त्या पोराच्या जिभेला कळलं होतं, आणि आईनं ते रोज पाहिलं होतं.

इथं गैरसमज नको. मीठ आवडणाऱ्या प्रत्येक पोराला हा आजार नसतो. माती खाणाऱ्या पोराचं कारण तर बहुतेक वेळा रक्त कमी असणं हेच असतं. आमचं सांगणं एवढंच की आई जेव्हा म्हणते, "याचं काहीतरी वेगळं आहे," तेव्हा ते वाक्य दवाखान्याच्या कागदावर यायला हवं.

दहा वर्षांनी त्याच विल्किन्स यांनी पुढचं पाऊल टाकलं. कोर्टिसोलच्याच कुळातलं कोर्टिसोन हे औषध तेव्हा सांधेदुखीसाठी नुकतंच आलं होतं. १९५० मध्ये विल्किन्स यांनी ते सीएएचच्या रोग्यांना दिलं. बॉस्टनमध्ये बार्टर हे डॉक्टरही त्याच कामात होते. आपल्या सुताच्या घराकडे पाहा म्हणजे लगेच समजेल. विणकर आणता येत नाही, पण तयार कापड बाहेरून आणून दिलं. दुकानदाराचं समाधान झालं, मागणी थांबली. सूत कातण्याचा धडाका थांबला आणि दोर वळणंही कमी झालं. रोज गोळ्या आणि मीठ राखणारं औषध घेत ही मुलं शाळेत जाऊ लागली, मोठी होऊ लागली. अशा कितीतरी बायकांना पुढे मुलंबाळंही झाली.

टाचेतला रक्ताचा थेंब

औषध मिळालं, पण बाळ मरायच्या आत ओळखायचं कसं? मुलगी असेल तर निदान बाहेरून शंका येते. मुलगा तर साधा जुलाब-उलटीचा रोगी समजून जायचा. १९७७ मध्ये याची तपासणी निघाली. नवजात बाळाच्या टाचेला टोचून दोन-चार थेंब रक्त कागदावर घ्यायचं आणि साचलेल्या सुताचं प्रमाण मोजायचं. कितीतरी देशांत आज प्रत्येक बाळाचा असा थेंब घेतात.

आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं मुंबई धरून पाच शहरांत एक लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली. त्याचे आकडे २०१८ मध्ये छापून आले. ५,७६२ बाळांमागे एकाला हा आजार सापडला. गोव्यानं २००८ पासून सरकारी दवाखान्यांत जन्मणाऱ्या बाळांची अशी तपासणी सुरू करून दाखवली.

५,७६२ मागे एक म्हणजे फार कमी वाटतं. एखाद्या आशाताईला साऱ्या नोकरीत असं एकही बाळ दिसणार नाही. म्हणूनच दिसेल त्या दिवशी ते ओळखू न येण्याची भीती जास्त. पण तिच्या हातात एक साधन आहे, वजनकाटा. घरी जाऊन नवजात बाळ तपासायची पद्धत आपल्या विदर्भातूनच देशभर गेली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीच्या खेड्यांत गावच्याच बायांना हे काम शिकवलं. त्यानं बालमृत्यू किती घटतात, ते १९९९ मध्ये जगापुढे आलं. २०११ पासून सरकारनं ते सगळ्या आशाताईंच्या कामात घेतलं. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी येते. सीएएचचं बाळ गळतं ते नेमकं चौदाव्या ते एकविसाव्या दिवसाच्या आसपास. त्या भेटी चुकवू नका. "बाळ झोपलं आहे, उद्या ये," असं म्हणू नका.

बाराव्या वर्षी बदललेली मुलं

साखळीतली दुसरी एक कडी सुटली तर वेगळीच गोष्ट घडते. डोमिनिकन प्रजासत्ताक या देशातल्या सॅलिनास गावात काही मुलं मुलगी म्हणून वाढायची आणि बाराव्या वर्षाच्या सुमाराला त्यांचा आवाज फुटायचा, अंग पुरुषासारखं व्हायचं. गावाला ते ठाऊक होतं, त्यांच्यासाठी गावच्या भाषेत शब्दही होता. १९७४ मध्ये डॉ. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली या बाईंनी त्याचं कारण जगाला सांगितलं. टेस्टोस्टेरॉनला आणखी तीव्र करणारं एक विकर आहे, ५-अल्फा रिडक्टेज. ते या मुलांत कमी होतं, म्हणून जन्मताना शरीर पूर्ण मुलासारखं घडलं नव्हतं. तेच विकर अडवणारं औषध १९९२ पासून म्हाताऱ्या माणसांच्या लघवीच्या त्रासावर मिळतं. एका खेड्यातल्या पोरांमुळे जगभरातल्या आजोबांचा त्रास कमी झाला.

मुलगी म्हणून वाढलेल्या माणसाचं शरीर वेगळं निघणं हे लांबच्या देशातच घडतं असं नाही. आपल्या बीड जिल्ह्याच्या पोलीस दलातले ललित साळवे जन्मापासून ललिता म्हणून वाढले आणि महिला शिपाई म्हणून भरती झाले. तपासणीत त्यांच्या शरीरात पुरुषाचं वाय गुणसूत्र आढळलं. २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, उच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, नोकरी टिकली आणि २०२० मध्ये त्यांचं लग्न झालं. धावपटू द्युती चंद हिच्या अंगात अँड्रोजेन जास्त आहे म्हणून २०१४ मध्ये तिला स्पर्धेबाहेर ठेवलं. ती क्रीडा लवादात गेली आणि २०१५ मध्ये परत मैदानात उतरली. तामिळनाडूत २०१९ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर, जिवाला धोका नसेल तर लहान बाळांवर लिंग ठरवणाऱ्या शस्त्रक्रिया करू नयेत, असा सरकारी आदेश निघाला. घाईनं कापाकापी नको, माणसाला मोठं होऊन स्वतः ठरवू द्या, असं आता कायदाही म्हणू लागला आहे.

हनुवटीवरचे केस

बैठकीत सगळ्यात जास्त विचारला जातो तो हाच प्रश्न. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात बायकांची नोंद केली. पाळी अनियमित, काहींच्या अंगावर केस, मूल राहत नाही आणि अंडाशयात लहान लहान गाठीसारख्या पिशव्या. आज त्याला पीसीओएस म्हणतात. त्यात विकरांचा समतोल बिघडून अंडाशय जास्त अँड्रोजेन बनवतं आणि इन्शुलिन त्यात भर घालतं. वजन आटोक्यात ठेवलं, रोज अंग हलवलं, तर पुष्कळ जणींना फरक पडतो. काही मुलींत मात्र तोच सीएएच सौम्य रूपात असतो आणि वयात आल्यावर दिसतो. सकाळी घेतलेल्या रक्ताच्या एका तपासणीनं तो वेगळा ओळखता येतो. आणि केस चार-सहा महिन्यांत झपाट्यानं वाढले, आवाज जाड झाला, तर थांबू नका. क्वचित गाठ असू शकते.

आपण काय करायचं

बाळ जन्मलं आणि मुलगा की मुलगी याची शंका असेल, तर गावभर सांगायची घाई नको. मुलगा म्हणून सांगितलेल्या बाळाच्या दोन्ही गोट्या हाताला लागत नसतील, तर तेही डॉक्टरला सांगा. शक्य तितक्या लवकर ग्रामीण रुग्णालयात दाखवा. तिथून सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या मेडिकलला पाठवतील, तर जा. बाळ दूध ओढत नाही, उलट्या करतं, सुस्त पडतं, वजन वाढायचं सोडून घटतं, तर तासाचाही उशीर नको. कुटुंबात आधी एखादं बाळ असं गेलं असेल, तर डॉक्टरला आपण होऊन सांगा.

औषध सुरू झालं तर ते जन्मभराचं आहे. बरं वाटतं म्हणून बंद करू नका. ताप आला की डोस वाढवावा लागतो, तो कसा हे डॉक्टरकडून लिहून घ्या. मेडिकलच्या दुकानातून आपल्या मनानं स्टिरॉइड आणून कोणाला देऊ नका.

आणि खापर फोडणं थांबवा. हा आजार तेव्हाच होतो जेव्हा आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक येतं. एकट्या सुनेचं त्यात काहीच नसतं. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात चारात एक एवढी शक्यता असते. आते-मामेभावंडांच्या लग्नात ती शक्यता वाढते, म्हणून घरात असा आजार झालेला असेल तर सोयरीक ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

ग्रहणानं, चाकूनं, कोणाच्या नजरेनं विकर जात नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांत कितीजणांनी हे शोधून काढलं, ते आज ऐकलंत. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आशाताईला बोलवा, वजनाचे दिवस भिंतीवर लिहून ठेवा. प्रश्न असतील तर गटाच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून आमच्याकडे पाठवा, पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारून सांगू.